स्टार आणि डेल्टा एकदम ‘हाय’: ऑसिलोस्कोपवर लॉजिक ट्रिगर लावायची रीत

तासगावकडच्या एका कोल्ड स्टोरेजमधला काँप्रेसर दोन-तीन दिवसांतून एकदा एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) पाडायचा. आत बेदाण्याचे बॉक्स छतापर्यंत लागलेले आणि मालकाचा फोन दर अर्ध्या तासाला. मोटर तपासली, केबलचं इन्सुलेशन मेगरनं तपासलं, कॉन्टॅक्टर नवे टाकले. मग उरला स्टार-डेल्टाचा इलेक्ट्रॉनिक टायमर बोर्ड. तो कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये आणला, टेबलावर नुसते कॉन्टॅक्टर जोडून मोटरशिवाय चालवला, ऑसिलोस्कोपचे दोन प्रोब लावले आणि पडद्याकडे बघत बसलो. दोन दिवस. पडद्यावर सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं.

स्कोप चांगलाच होता, माझा प्रश्न चुकीचा होता. मी एज ट्रिगर लावला होता, म्हणजे ‘स्टारचा सिग्नल वर गेला की दाखव.’ तो इमानेइतबारे दर वेळी दाखवत होता. मला हवं होतं ते वेगळंच: ‘स्टार आणि डेल्टा दोन्ही एकाच वेळी वर गेले तरच दाखव, एरवी मला हाक मारू नकोस.’ यालाच लॉजिक ट्रिगर म्हणतात. बऱ्याच स्कोपच्या मेनूत तो ‘पॅटर्न’ या नावानं असतो.

डिप्लोमा किंवा आयटीआय करून कुपवाड-मिरज एमआयडीसीत नव्यानं लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. कॉलेजच्या लॅबमध्ये स्कोपवर साइन वेव्ह बघितलेली असते, फार तर ‘ऑटो’ बटण दाबलेलं असतं. त्या बटणानं अशी चूक सापडत नाही.

ज्यांना स्टार-डेल्टा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटर आधी स्टारमध्ये सुरू करतात आणि मग डेल्टावर नेतात. स्टार कॉन्टॅक्टर मोटरच्या तिन्ही वाइंडिंगची शेवटची टोकं एकत्र बांधतो. डेल्टा कॉन्टॅक्टर तीच टोकं फेजला जोडतो. दोन्ही एकदम लागले तर तिन्ही फेज एकमेकांना चिकटतात. सरळ शॉर्ट. म्हणून ‘दोन्ही हाय’ ही अवस्था एकदाही यायला नको.

## १. आधी कागदावर एक वाक्य लिहा

स्कोप चालू करण्याआधी वही उघडा आणि ‘काय कधीच घडायला नको?’ हे साध्या मराठीत लिहा. माझ्या वहीतलं वाक्य असं होतं: ‘स्टारचा ड्राइव्ह हाय असताना डेल्टाचा ड्राइव्ह हाय नसावा.’

ड्राइव्ह म्हणजे बोर्डावरच्या छोट्या रिलेला चालू करणारा सिग्नल; तो रिले पुढे कॉन्टॅक्टर ओढतो. त्या वाक्यातून चॅनेल आपोआप ठरतात. मी ठरवलेले असे:

चॅनेल १: स्टार रिलेचा ड्राइव्ह
चॅनेल २: डेल्टा रिलेचा ड्राइव्ह
चॅनेल ३: मेन (मोटरला सप्लाय देणाऱ्या) रिलेचा ड्राइव्ह
चॅनेल ४: बोर्डाचा ५ व्होल्टचा सप्लाय

चौथा चॅनेल अटीत नाही, तो साक्षीदार आहे. चूक झाली त्या क्षणी सप्लाय कुठे होता, हे तो सांगतो. नवखी पोरं चारही चॅनेल अटीत कोंबतात आणि मग अट इतकी कडक होते की ट्रिगरच होत नाही. एखादा चॅनेल नुसता बघायला मोकळा ठेवा.

## २. काय काय जवळ हवं

पॅटर्न ट्रिगर असलेला डिजिटल ऑसिलोस्कोप, शक्यतो चार चॅनेलचा. दोन चॅनेलच्या स्कोपवरही ‘दोन्ही हाय’ पकडता येतं, पण साक्षीदाराला जागा उरत नाही. चार १०एक्स (सिग्नल दहापट कमी करून देणारे) प्रोब, मल्टिमीटर, चित्र साठवायला पेन ड्राइव्ह. बोर्डाचा सर्किट डायग्राम. तो नसेल तर निदान आयसीचे नंबर टिपून त्यांच्या डेटाशीटमधली इनपुट व्होल्टेजची पानं छापून घ्या. आणि तुमच्याच मॉडेलचं मॅन्युअल, कारण मेनू प्रत्येकाचा निराळा. रिगोलच्या १०००झेड मालिकेत ‘पॅटर्न’ आणि वेळेची अट असलेला ‘ड्युरेशन’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. सिग्लेंटच्या स्कोपवर पॅटर्नमध्येच अँड, ऑर, नँड, नॉर असं निवडता येतं.

शेजारच्या टेबलावरचा माणूस ‘असं दाब, तसं दाब’ म्हणून सांगेल ते त्याच्या स्कोपचं असतं. मॅन्युअलमधलं ट्रिगरचं प्रकरण एकदा चहा घेत वाचून काढा, तेवढ्यानं पुढचा बराच वेळ वाचतो.

## ३. ग्राउंड क्लिप लावण्याआधी

ही पायरी वगळलीत तर पुढच्या पायऱ्यांना स्कोपच उरणार नाही.

प्रोबची काळी मगर-क्लिप ही स्कोपच्या बॉडीला आणि प्लगच्या तिसऱ्या पिनमधून थेट अर्थिंगला जोडलेली असते. चारही चॅनेलच्या क्लिप आतून एकच असतात. ती क्लिप चुकून लाइव्ह जागी टेकली, तर करंट प्रोबच्या वायरीतून अर्थिंगकडे जातो आणि क्लिप हातात वितळते.

पॅनेलमधल्या ४१५ व्होल्टच्या बाजूला साधा प्रोब लावायचाच नाही. आपलं काम बोर्डाच्या ५ व्होल्टच्या बाजूला आहे. तिथेही एक सापळा आहे: स्वस्त टायमर बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कपॅसिटर टाकून मेनमधूनच व्होल्टेज उतरवलेलं असतं. अशा बोर्डाचा ‘ग्राउंड’ हा थेट न्यूट्रलला, आणि प्लग उलटा बसला तर फेजला जोडलेला असतो. बोर्डावर मोठा चौकोनी एक्स-रेटेड (थेट मेनवर लावायचा) कपॅसिटर दिसला आणि ट्रान्सफॉर्मर दिसला नाही, तर थांबा.

तपासायची रीत: बोर्ड चालू करून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि बोर्डाचा ग्राउंड व अर्थिंग यांच्यामध्ये मोजा. मोठं व्होल्टेज दिसलं तर क्लिप लावू नका. बोर्डाला १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून सप्लाय द्या किंवा डिफरन्शियल प्रोब वापरा. ट्रान्सफॉर्मर बोर्डाला लावायचा, स्कोपला नाही. ‘स्कोपची अर्थ पिन तोडली की झालं’ असं सांगणारे जुने मिस्त्री अजून भेटतात. तसं केलं की स्कोपची बॉडीच लाइव्ह होऊ शकते, आणि नॉब तर तुम्ही हातानेच फिरवणार असता.

## ४. प्रोब लावणे

प्रोब १०एक्सवर ठेवा आणि चॅनेलच्या मेनूतही १०एक्सच निवडा. प्रोब १०एक्सवर आणि मेनू १एक्सवर राहिला, तर ५ व्होल्टचा सिग्नल पडद्यावर अर्धा व्होल्ट दिसतो. मग तुम्ही १.५ व्होल्टचा थ्रेशोल्ड (हाय-लो ठरवणारी रेघ) लावून रात्रभर बसलात तरी तो ओलांडला जाणार नाही.

स्कोपवरच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर प्रत्येक प्रोबचा स्क्रू फिरवून कोपरे सरळ करून घ्या. मिरजेत तंबोऱ्याला जवारी लावताना बघितलीय का? तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला की सूर खुलतो. तसंच हे, केसभर फिरवायचं आणि थांबायचं. प्रोब ज्या चॅनेलवर जुळवला त्याच चॅनेलवर ठेवा, म्हणून मी प्रत्येकाला रंगीत रिंग घालतो.

चारही क्लिप बोर्डाच्या ग्राउंडला लावा, एकच लावून भागवू नका. कपलिंग डीसी ठेवा. एसी कपलिंगवर सिग्नलची शून्याची रेघच सरकते आणि हाय-लोला काही अर्थ उरत नाही. रिलेचे सिग्नल संथ असतात, म्हणून २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू केली तरी बिघडत नाही. उलट कॉन्टॅक्टरच्या ठिणग्यांचा बराच कचरा गळून जातो.

## ५. थ्रेशोल्ड: माझा आणखी एक दिवस इथे गेला

स्कोपला ‘हाय’ आणि ‘लो’ कळत नाही, व्होल्टेज कळतं. प्रत्येक चॅनेलसाठी एक रेघ तुम्ही मारून द्यायची असते: याच्यावर हाय, याच्याखाली लो.

पुस्तकी नियम असे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या सीमॉस आयसीसाठी मधोमध, म्हणजे २.५ व्होल्ट. ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरसाठी १.६५. टीटीएल कुळातल्या आयसी ०.८ व्होल्टखाली लो आणि २ व्होल्टवर हाय मानतात, म्हणून तिथे १.४ ते १.५. बोर्डावर दोन जातीचे सिग्नल असतील तर प्रत्येक चॅनेलचा थ्रेशोल्ड वेगळा द्या. बहुतेक स्कोपवर ते जमतं, पण ज्या चॅनेलचा थ्रेशोल्ड बदलायचा तो आधी मेनूत निवडावा लागतो. न निवडता नॉब फिरवला की भलत्याच चॅनेलची रेघ हलते.

मी एज ट्रिगर सोडून पॅटर्नवर आलो, तेव्हा नियमाप्रमाणे २.५ व्होल्ट लावले. कंट्रोलर एटमेगा, सप्लाय ५ व्होल्ट, सगळं पुस्तकासारखं. आणखी एक दिवस गेला. मधे एकदा डोळ्यांदेखत दोन्ही रिले ‘खट’ वाजले, एकदम, आणि स्कोप गप्प! माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, ‘दादा, ह्याला झोप लागली बहुतेक.’

झोप मलाच लागली होती. रिले चालवत होता यूएलएन२००३, म्हणजे कंट्रोलर आणि रिलेच्या मधली ड्रायव्हर आयसी. त्याच्या प्रत्येक इनपुटला आत २.७ किलोओहमचा रोधक आणि पुढे डार्लिंग्टन ट्रान्झिस्टरची जोडी असते. आमच्या बोर्डावर जुन्या डिझाइनमधून उरलेले १० किलोओहमचे पुल-अप (५ व्होल्टकडे ओढणारे रोधक) त्या इनपुटवर होते. कंट्रोलर नीट चालतो तोवर तो पिन ओढून ० किंवा ५ व्होल्टवर ठेवतो आणि पुल-अपचं काही चालत नाही. पण कंट्रोलर रीसेट झाला की त्याच्या पिना हवेत लोंबकळतात. मग पुल-अप ५ व्होल्टकडून ओढतो आणि यूएलएनचं इनपुट खाली ओढतं.

हिशोब करा. डार्लिंग्टनच्या बेसवर साधारण १.३ व्होल्ट. उरलेले ३.७ व्होल्ट १० आणि २.७ मिळून १२.७ किलोओहमवर पडतात, म्हणजे सुमारे ०.२९ मिलिअँपिअर. तेवढ्या करंटनं २.७ किलोओहमवर पाऊण व्होल्टाहून थोडं जास्त पडतं. बेरीज येते २.१ व्होल्टच्या आसपास.

एवढं व्होल्टेज यूएलएनला छोटा रिले ओढायला पुरलं. माझ्या २.५ व्होल्टच्या रेघेला मात्र ते ‘लो’ वाटलं. रिले म्हणतोय हाय, स्कोप म्हणतोय लो.

तेव्हापासून एक गोष्ट पाळतो. थ्रेशोल्ड सिग्नल पाठवणाऱ्या आयसीवरून ठरवायचा नाही, तो घेणाऱ्या आयसीवरून ठरवायचा. घेणारा कितीला जागा होतो ते डेटाशीटमध्ये बघा आणि रेघ त्याच्या थोडी खाली मारा. मी १.५ व्होल्ट लावले.

रेघ मारल्यावर दोन गोष्टी तपासा. त्या चॅनेलची लहर पडद्याच्या आत पूर्ण मावते का? वरून किंवा खालून कापली गेलेली लहर ट्रिगरलाही तशीच कापलेली दिसू शकते. आणि प्रति खाना व्होल्ट बदलले तर थ्रेशोल्डचा आकडा पुन्हा वाचा. काही स्कोपवर तो गुपचूप सरकतो.

## ६. पॅटर्न भरणे

ट्रिगर मेनूत प्रकार ‘पॅटर्न’ किंवा ‘लॉजिक’ निवडा. प्रत्येक चॅनेलसमोर तीन पर्याय येतात: एच म्हणजे हाय, एल म्हणजे लो, एक्स म्हणजे ‘काहीही असो’. माझी भरणी:

चॅनेल १: एच
चॅनेल २: एच
चॅनेल ३: एक्स
चॅनेल ४: एक्स

जोड ‘अँड’. वाक्य कागदावर असेल तर हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पुढचा प्रश्न स्कोप विचारतो: पॅटर्न जुळताक्षणी ट्रिगर, की जुळलेला पॅटर्न मोडताना? चूक पकडायची तर जुळताना.

इथला नेहमीचा घोळ उलट्या लॉजिकचा. काही बोर्डांवर ट्रान्झिस्टर पीएनपी असतो किंवा रिले मॉड्यूल लो आल्यावर चालू होतं. तिथे ‘दोन्ही चालू’ म्हणजे एल-एल. एकेक रिले हातानं चालू करून त्याची रेघ कुठे जाते ते बघा आणि वहीत ‘चालू = एच’ किंवा ‘चालू = एल’ असं लिहून ठेवा. डायग्रामवर पूर्ण विसंबू नका, दुरुस्तीत कुणी काय बदललंय ते डायग्रामला माहीत नसतं.

## ७. वेळेची अट

नुसता पॅटर्न लावला की पहिल्या दहा मिनिटांत पन्नास खोटे ट्रिगर येतात. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना उडणारी ठिणगी दोन्ही वायरींत एकदम टोचा मारते, काही मायक्रोसेकंदांचा. दोन्ही रेघा क्षणभर वर जातात, स्कोप ओरडतो.

अशा टोच्यानं रिले हलत नाही. छोटा रिले उचलायला ५ ते १० मिलिसेकंद घेतो. म्हणून अट घातली: पॅटर्न १ मिलिसेकंदाहून जास्त टिकला तरच ट्रिगर. टोचे गेले, खरी चूक राहिली. हा आकडा प्रत्येक कामात वेगळा असतो. ज्याचं नुकसान होणार आहे ते किती वेळात हलतं, त्याच्याहून बराच कमी आकडा घ्या.

एक बारकावा: ‘याहून जास्त’ या अटीवर काही स्कोप पॅटर्न संपल्यावर ट्रिगर होतात, कारण किती टिकला हे त्यांना शेवटीच मोजता येतं. त्यामुळे ट्रिगरच्या खुणेपाशी दोन्ही रेघा खाली येताना दिसतील. घाबरू नका, डावीकडे सरका, चूक तिथे आहे. मेनूत ‘टाइमआउट’ असेल तर तो ठरलेला वेळ भरताच, पॅटर्न चालू असतानाच ट्रिगर होतो.

वेळेच्या अटीनं दुसरी एक चूकही पकडता येते, आणि ती जास्त फसवी आहे. स्टार सुटल्यावर लगेच डेल्टा लागता कामा नये. स्टारच्या काँटॅक्टमधला आर्क विझायला वेळ द्यावा लागतो. आमच्या बोर्डात हा विराम ५० मिलिसेकंद ठेवलेला. तो कधी कमी पडतो का, हे बघायचं तर पॅटर्न असा: स्टार एल, डेल्टा एल, मेन एच, आणि ४० मिलिसेकंदांहून कमी वेळ टिकला तर ट्रिगर. मेन एच ही अट कशाला? ती नसेल तर मोटर बंद असतानाही स्टार आणि डेल्टा दोन्ही एल असतातच.

तरीही दर स्टार्टला एक खोटा ट्रिगर यायचा. बोर्डाचा क्रमच असा होता की मेन आधी लागतो आणि ५ मिलिसेकंदांनी स्टार. त्या ५ मिलिसेकंदांत अट तंतोतंत जुळते! मग ‘कमी’ऐवजी ‘दरम्यान’ निवडून १० ते ४० मिलिसेकंद दिले. मशीनचा क्रम पाठ असल्याशिवाय अट लिहायला बसू नये, एवढं त्या दुपारी शिकलो.

## ८. मोड, जागा, होल्डऑफ

मोड ‘नॉर्मल’ किंवा ‘सिंगल’. ‘ऑटो’ नको, कारण ऑटोमध्ये ट्रिगर आला नाही तरी स्कोप थोड्या वेळानं स्वतःहून चित्र काढतो आणि तुम्हाला वाटतं काहीतरी सापडलं. रात्रभर सोडून जायचं असेल तर सिंगल. पहिली चूक पकडून तो थांबतो आणि सकाळपर्यंत चित्र जपून ठेवतो. वीज जाऊ नये म्हणून स्कोपला यूपीएस द्या, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

ट्रिगरची जागा पडद्याच्या मधोमध किंवा थोडी उजवीकडे ठेवा. चूक कशामुळे झाली हे तिच्या आधी घडलेलं असतं, म्हणून डावीकडे भरपूर जागा हवी. टाइमबेस (पडद्यावरच्या एका आडव्या खान्याचा वेळ) मी २० मिलिसेकंद प्रति खाना ठेवला.

सॅम्पल रेटकडेही नजर असू द्या. चारही चॅनेल चालू केले की तो वाटला जातो. रिगोल डीएस१०५४झेड एका चॅनेलवर सेकंदाला १०० कोटी सॅम्पल घेतो, चार चॅनेलवर प्रत्येकी २५ कोटी. रिलेच्या कामाला यातला छोटासा तुकडाही पुरतो, पण मेगाहर्ट्झमधल्या बसवर काम करताना हा हिशोब आधी करा.

होल्डऑफ म्हणजे एका ट्रिगरनंतर किती वेळ कान बंद ठेवायचे. नॉर्मल मोडमध्ये एकाच चुकीची पन्नास चित्रं येत असतील तर तो वाढवा. सिंगलमध्ये त्याचं फारसं काम नाही.

## ९. आधी खोटी चूक करून बघा

रात्रभर स्कोप गप्प राहिला, याचे दोन अर्थ होतात. चूक झाली नाही, किंवा चूक झाली आणि तुमची अट चुकीची होती. सकाळी बघून यातला फरक कळत नाही.

म्हणून निघण्याआधी चूक मुद्दाम घडवा. मोटर आणि पॅनेलचा पॉवर सर्किट तुटलेला असल्याची खात्री करून, टेबलावर, फक्त बोर्ड चालू ठेवून. मी कंट्रोलरची रीसेट पिन वायरीनं ग्राउंडला टेकवली. दोन्ही रिले खट वाजले, स्कोप लगेच ट्रिगर झाला. मग थ्रेशोल्ड परत २.५ करून बघितला. रिले वाजले, स्कोप गप्प. तीन दिवसांचं गणित अर्ध्या मिनिटात सुटलं, आणि ही चाचणी पहिल्याच दिवशी केली असती तर मालकाचे निम्मे फोन तरी वाचले असते.

## १०. पकडलेलं चित्र वाचणे

त्याच संध्याकाळी खरी चूक सापडली. चित्रात उजवीकडून डावीकडे वाचत गेलो. स्टार आणि डेल्टा दोन्ही २ व्होल्टवर, सुमारे ६५ मिलिसेकंद. त्याच्या लगेच आधी चौथा चॅनेल, आपला साक्षीदार: ५ व्होल्टचा सप्लाय खाली बसकण मारून परत उठलेला. आणि त्याच्याही आधी सप्लायवर ठिणग्यांचा झुपका, शेजारचा कॉन्टॅक्टर सुटला तेव्हाचा.

गोष्ट जुळली. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (ठिणगी दाबणारं सर्किट) नव्हता. कॉइल सुटताना सप्लाय दबला, कंट्रोलरच्या ब्राउन-आउट (सप्लाय दबल्याचं ओळखणाऱ्या) सर्किटनं रीसेट मारला. एटमेगात रीसेटनंतर ६५ मिलिसेकंद थांबायची सेटिंग असते आणि आमच्याकडे तीच होती. तेवढा वेळ पिना हवेत, पुल-अपनं रिले ओढले, आणि रिलेनं कॉन्टॅक्टर.

तुम्ही विचाराल, पॅनेलमध्ये इंटरलॉक असतो ना? एका कॉन्टॅक्टरचा एनसी (एरवी जोडलेला, तो लागला की तुटणारा) काँटॅक्ट दुसऱ्याच्या कॉइलला अडवतो. असतो. त्या पॅनेलमध्ये कुणीतरी कधीतरी ‘चालू होत नाही’ म्हणून तो बायपास करून ठेवला होता. आधी तो जोडला. मग पुल-अप काढून तिथे १० किलोओहमचे पुल-डाऊन टाकले, कॉइलवर आरसी स्नबर लावले, सप्लायचा कपॅसिटर मोठा केला. परत तोच पॅटर्न लावून स्कोप दोन दिवस सिंगलवर ठेवला. पायरी ९ ची चाचणी या वेळी कंट्रोलरच्या पिना सोडवून, बाहेरून ५ व्होल्ट देऊन केली, कारण आता रीसेटनं चूक घडतच नव्हती.

चित्र पेन ड्राइव्हवर घेताना थ्रेशोल्ड, पॅटर्न आणि वेळेची अट वहीतही लिहा. चार महिन्यांनी फोटो उघडल्यावर त्यातलं काही आठवत नाही.

## ११. क्लॉक असेल तर

वरचं सगळं ‘पातळी’बद्दल होतं. पण शिफ्ट रजिस्टर किंवा एसपीआयसारख्या (चिपमधल्या चिपशी बोलायच्या) सिग्नलमध्ये डेटा सतत हलत असतो आणि त्याला अर्थ फक्त क्लॉकच्या एजवर असतो. तिथे एका चॅनेलला एच किंवा एलऐवजी चढती वा उतरती एज देतात आणि बाकीच्यांना पातळी: ‘क्लॉक वर जाताना चिप सिलेक्ट लो आणि डेटा हाय असेल तर.’ काही स्कोपवर याला ‘स्टेट’ ट्रिगर म्हणतात. एज एकाच चॅनेलला देता येते. दुसऱ्याला द्यायला गेलात तर पहिल्याची निघून जाते, ते स्कोप बिघडल्याचं लक्षण नाही.

## हात बसवायला

बिघडलेला बोर्ड मिळेपर्यंत थांबू नका. ब्रेडबोर्डवर सीडी४०४० (बायनरी काउंटर आयसी) लावा, त्याला अर्डुइनोमधून १ किलोहर्ट्झचा क्लॉक द्या आणि पहिल्या चार आउटपुटांना चार प्रोब. पॅटर्न ठेवा एल-एल-एल-एल, मोड नॉर्मल.

१६ मोजण्यांत ०००० एकदाच यायला हवा. पण ट्रिगर चार वेळा येईल. हा काउंटर रिपल जातीचा आहे, एक पायरी हलली की ती पुढचीला ढकलते, सगळ्या एकदम हलत नाहीत. १ वरून २ ला, ३ वरून ४ ला आणि ७ वरून ८ ला जाताना मधे क्षणभर चारही आउटपुट लो होतात, शंभर नॅनोसेकंदांच्या आगेमागे. टाइमबेस बारीक करून ही तीन भुतं नीट बघून घ्या. मग वेळेची अट ‘१० मायक्रोसेकंदांहून जास्त’ अशी लावा. भुतं जातील आणि १ मिलिसेकंद टिकणारा खरा ०००० तेवढा राहील.